एका बेण्यावर उभी राहिलेली समुद्रशेती : मंडपमच्या शेवाळाचं प्रकरण

तराफ्यावर २० दोऱ्या, प्रत्येक दोरीला २० गाठी, प्रत्येक गाठीत शेवाळाचा १५० ग्रॅमचा तुकडा. म्हणजे एका तराफ्याला ६० किलो बेणं. तराफा म्हणजे दहा-बारा फूट लांब-रुंद बांबूची चौकट. माशांनी कोंब कुरतडू नयेत म्हणून खालून जाळं ताणलेलं असतं आणि असे कित्येक तराफे एकमेकांना बांधून नांगरावर उभे केलेले असतात. ४५ दिवसांनी तराफा किनाऱ्याला ओढून आणला, की चांगल्या हंगामात त्यावर सुमारे २६० किलो ओलं शेवाळ भरतं. त्यातलं ६० किलो पुन्हा बेण्याला ठेवायचं, उरलेलं २०० किलो विकायचं. जमीन लागत नाही, खत लागत नाही, पाणी द्यावं लागत नाही.

तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात, रामेश्वरमला जाताना पांबनच्या पुलाच्या अलीकडे मंडपम लागतं. भारतातली व्यापारी शेवाळशेती इथे आणि आसपासच्या मुनैक्काडु, संबई, ओलैकुडा अशा गावांत रुजली. अवघ्या बारा वर्षांत तिनं वाळलेल्या मालाचा आकडा वर्षाला २१ टनांवरून १,४९० टनांवर नेला, आणि मग दोन हंगामांत ती कोसळली. आज कोकणात शेवाळशेतीची चर्चा जोरात आहे. रत्नागिरीकडे महिला बचत गटांनी दोऱ्या पाण्यात सोडून पाहिल्या आहेत, सरकारी योजना आहेत, प्रशिक्षणं होत आहेत. अशा प्रत्येक बैठकीत मंडपमचं नाव निघतं, पण ते २१ ते १,४९० या चढाच्या गोष्टीपुरतंच. उताराची गोष्ट सांगितली जात नाही, आणि आपल्या कामाची तीच आहे. मला त्यात दोन धागे दिसतात. एक बेण्याचा : ते कुठून आलं आणि ते कोण जपतं. दुसरा ओल्या शेवाळाचा : तोडणीनंतरच्या पहिल्या काही तासांत ते कोणाच्या हातात असतं. पुढचं सगळं लेखन या दोन धाग्यांवर आहे.

बेणं कुठून आलं

या शेवाळाचं शास्त्रीय नाव कप्पाफायकस अल्वारेझी. व्यापारात त्याला अजूनही ‘कॉटोनी’ या जुन्या नावानं ओळखतात. मूळ फिलिपिन्सकडच्या समुद्रातलं हे लाल शेवाळ. हवाई विद्यापीठातले शैवालशास्त्रज्ञ मॅक्सवेल डोटी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून फिलिपिन्समध्ये त्याच्या लागवडीची पद्धत बसवली. त्यापूर्वी जगाला लागणारं हे शेवाळ समुद्रातून ओरबाडून आणलं जाई. कॉटोनी मात्र उसासारखं निघालं. बी पेरायचं नाही, कांडी तोडून लावायची. तुकडा बांधला की तो वाढतो, वाढला की त्याचे पुन्हा तुकडे करायचे. म्हणूनच मी ‘बियाणं’ हा शब्द टाळून ‘बेणं’ म्हणतो आहे. ऊस, हळद, आलं लावणाऱ्याला यातला फरक लगेच कळेल.

भारतात हे शेवाळ १९८४ मध्ये आलं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं ते जपानमार्गे आणलं आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, ओखा बंदराजवळ, छिद्रं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत जगवलं. प्रयोगशाळेतून खुल्या पाण्यात आणि तिथून नव्वदच्या दशकात मंडपमच्या उपकेंद्रात, असा त्याचा प्रवास झाला. हे काम किती चिकाटीचं होतं याची दखल आपल्याकडे फारशी घेतली गेली नाही. परदेशी समुद्रातलं एक रोप वेगळ्या खारटपणाच्या, वेगळ्या तापमानाच्या पाण्यात वर्षानुवर्षं मरू न देणं हे सोपं नव्हे.

पण याच प्रवासात पुढच्या संकटाची मुळं आहेत. नंतर मंडपमच्या समुद्रात जे हजारो तराफे तरंगले, ते या मोजक्या आणलेल्या रोपाच्या तुकड्यांचे तुकडे होते. बीजाणूंपासून नवी पिढी नाही, दोन झाडांचा संकर नाही. हापूसच्या बागेत प्रत्येक कलम एकाच वाणाचं असतं, तसंच हे. सगळ्यांची गोडी सारखी, तशी सगळ्यांची दुखणीही सारखी.

कंपनी, बँक आणि बचत गट

२००० च्या सुमारास पेप्सिको इंडियानं भावनगरच्या संस्थेकडून तंत्रज्ञान घेतलं आणि मंडपमला लागवड सुरू केली. आधी कंपनीनं स्वतः शेती करून पाहिली, मग करारशेतीचा रस्ता धरला. बेणं आणि तंत्र कंपनीचं, माल ठरल्या भावानं कंपनीच घेणार, भांडवल बँकेच्या कर्जातून आणि सरकारी अनुदानातून, मेहनत बचत गटाची. गटात पाच जणी, प्रत्येकीला ४५ तराफे. ४५ हा आकडा मुद्दाम ठरवलेला होता. पीक ४५ दिवसांचं, म्हणून रोज एक तराफा काढायचा आणि रोज एक नव्यानं बांधून सोडायचा. ज्या घरात मासेमारीचं उत्पन्न आज आहे तर उद्या नाही, तिथे रोज येणाऱ्या पैशाची किंमत वेगळी असते. मला या योजनेतला सर्वांत शहाणा भाग हाच वाटतो.

आता हिशेब करू. २०० किलो ओलं शेवाळ वाळून साधारण दहावा हिस्सा उरतं, म्हणजे २० किलो. सुरुवातीच्या वर्षांत वाळलेल्या मालाला किलोला साडेचार रुपयांच्या आसपास भाव होता. एका तराफ्याचे ९० रुपये. २०१३ पर्यंत भाव ३५ रुपयांवर गेला, म्हणजे तराफ्याला ७०० रुपये. यातून बांबू, दोरी, नांगर, बांधणीची मजुरी आणि बँकेचा हप्ता वजा. समुद्रात बांबू फार टिकत नाही, तो बदलण्याचा खर्च वेगळा धरावा लागतो. तरीही रामनाथपुरमसारख्या कोरड्या, रोजगार कमी असलेल्या जिल्ह्यात घरातल्या बाईच्या हातात असं उत्पन्न येणं ही लहान गोष्ट नव्हती.

२००८ मध्ये पेप्सिकोनं हा व्यवसाय सोडला आणि तिथलेच माजी अधिकारी अभिराम सेठ यांच्या ‘ॲक्वाअ‍ॅग्री प्रोसेसिंग’ कंपनीनं तो घेतला. शिवगंगा जिल्ह्यातल्या मानामदुरैला तिचा प्रक्रिया कारखाना आहे. किनाऱ्यावरच्या बाईच्या दृष्टीनं खरेदीदाराचं नाव बदललं एवढंच. खरेदीदार बराच काळ मोजकेच राहिले, ही त्या किनाऱ्याची मोठी अडचण होती. वाळलेला माल महिनाभर घरात ठेवून भावाची वाट पाहणं जिला परवडत नाही, तिला समोर येईल तो भाव घ्यावा लागतो. कांदा पिकवणाऱ्याला हे मी समजावून सांगायला नको.

ज्यांचा समुद्र आधीपासून होता

तराफे येण्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावरच्या बायका शेवाळ गोळा करत आल्या आहेत. तमिळमध्ये त्याला ‘कडल पासी’ म्हणतात. बोटांना चिंध्या गुंडाळून, डोळ्यांना गॉगल लावून, पायाला पत्र्याच्या चकत्या बांधून त्या बेटांभोवतीच्या उथळ पाण्यात बुड्या मारतात. तिथून त्या आगर आणि अल्जिनेट या घट्टपणा आणणाऱ्या पदार्थांसाठी शेवाळ काढून आणतात : आगरसाठी जेलिडिएला आणि ग्रासिलारिया, अल्जिनेटसाठी सारगॅसम. ओहोटीच्या खडकांवर कोयता घेऊन कालवं काढणाऱ्या आपल्या कोकणातल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे काम ओळखीचं वाटेल. तशीच कातरलेली बोटं, तसंच भरतीच्या वेळेवर बांधलेलं घड्याळ.

१९८६ मध्ये मन्नारच्या आखातातली २१ बेटं सागरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि ज्या पाण्यात आई-आजी बुडी मारत होत्या, तिथे या बायका घुसखोर ठरल्या. त्यांनी संघटना बांधली. पांबनजवळच्या चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ मध्ये सीकॉलजी पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी. या बायकांनी स्वतःच ठरवलं, की महिन्यातले मोजके १२ दिवसच शेवाळ काढायचं आणि मासेमारीबंदीच्या काळात हातही लावायचा नाही. हातानं खुडायचं, मूळ खडकावर राहू द्यायचं, हेही त्यांनीच पाळलं.

हा भाग मी मुद्दाम इथे घेतो. शेवाळशेतीच्या कागदपत्रांत ‘शाश्वत’ हा शब्द पानोपानी येतो. मंडपमला खरी शाश्वत पद्धत आधी या बायकांनी, कोणत्याही प्रकल्पाशिवाय बसवली होती. लागवड वाढली तर रानातल्या शेवाळावरचा ताण कमी होईल, असा लागवडीच्या बाजूचा एक युक्तिवाद होता. तो अर्धाच खरा होता. कॉटोनीतून कॅराजिनन हा घट्टपणा आणणारा वेगळा पदार्थ निघतो, आगर निघत नाही. आगरच्या कारखान्यांना जेलिडिएला आणि ग्रासिलारियाच लागतात. त्यामुळे तराफे वाढले म्हणून बेटांभोवतीच्या बुड्या थांबल्या नाहीत.

कुरुसडैचं प्रवाळ

आता या प्रकरणातला सर्वांत वादग्रस्त भाग. तराफ्याच्या दोरीवरून तुटलेला तुकडा मरत नाही. तो वाहत जातो, कुठे अडकला की तिथे धरतो. हवाईच्या कानेओहे खाडीत हे आधी घडलं होतं. सत्तरच्या दशकात प्रयोगासाठी नेलेलं हेच शेवाळ प्रवाळावर पसरलं, आणि ते काढायला तिथे पुढे पाण्याखाली चालणारे मोठे शोषक पंप वापरावे लागले, त्यावर चरायला समुद्री साळिंदर म्हणजे सी-अर्चिन सोडावे लागले.

२००८ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात मदुराईच्या संशोधकांचा लेख आला, की मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळ हे शेवाळ प्रवाळाच्या फांद्यांवर चढलं आहे. प्रवाळावर शेवाळाची गादी बसली की खाली उजेड जात नाही, आणि प्रवाळाच्या आत राहणारी सूक्ष्म शैवालं उजेडावर जगतात. ती मेली की प्रवाळ मरतो. लागवडीच्या बाजूच्या शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं, की पसाऱ्याचं क्षेत्र लहान आहे आणि हे शेवाळ बीजाणूंनी पसरत नाही. पुढच्या वर्षांत शिंगल आणि पूमरिचान बेटांजवळही ते सापडलं. वनखात्यानं हातांनी उपटून काढलं. फटीत राहिलेल्या बोटभर तुकड्यातून ते पुन्हा वाढलं.

तमिळनाडू सरकारनं २००५ मध्येच आदेश काढून परदेशी शेवाळाची लागवड मंडपमच्या उत्तरेकडच्या पाल्क सामुद्रधुनीच्या उत्तर भागापुरती आणि तुतिकोरिनच्या दक्षिणेपुरती मर्यादित केली होती. म्हणजे मधला मन्नारचा संरक्षित पट्टा वगळला होता. धोका ओळखला गेला नव्हता असं म्हणता येत नाही.

मला या वादात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं, पण प्रवाळाच्या बाजूनं माझं झुकतं माप आहे. शेतीचं क्षेत्र चुकलं तर पुढच्या वर्षी बदलता येतं. प्रवाळाची एक फांदी वर्षाला फार तर काही सेंटिमीटर वाढते. ‘क्षेत्र लहान आहे’ हे उत्तर तणाच्या बाबतीत कोणताही शेतकरी मान्य करणार नाही, कारण गाजर गवतही एकेकाळी लहान क्षेत्रातच होतं.

पांढरे पडलेले कोंब

२०१३ पासून तराफ्यांवरचं शेवाळ मरायला लागलं. कोंबाचा भाग फिका पडतो, मग बर्फासारखा पांढरा होतो, मऊ पडतो आणि तिथून तुटतो. जगभरच्या कॉटोनी शेतकऱ्यांत या दुखण्याला ‘आइस-आइस’ म्हणतात. पाणी जास्त तापलं, खारटपणा उतरला, प्रवाह मंदावला की रोप आधी कमजोर होतं. मग जिवाणू आणि अंगावर उगवणारी बारीक तंतूसारखी शैवालं त्याचा ताबा घेतात. पाल्कची सामुद्रधुनी उथळ आणि संथ आहे. तराफ्यांना हा शांतपणा सोयीचा, पण उन्हाळ्यात असं पाणी लवकर तापतं.

तापमान हे कारण होतंच. पण तेवढ्यावर थांबलो तर दोष सूर्यावर ढकलून आपण मोकळे होऊ. त्याच समुद्रात, त्याच उन्हात देशी शेवाळं जगली. कॉटोनी सगळीकडे एकदम का मेलं, याचं उत्तर बेण्यात आहे. तीन दशकं एकाच रोपाचे तुकडे लावले जात होते. दर ४५ दिवसांनी बेणं निवडताना उत्तम कोंब विक्रीला आणि उरलेलं बेण्याला, असं होण्याची ओढ प्रत्येक शेतकऱ्याला असते, विशेषतः जेव्हा पैसे वजनावर मिळतात. उसाचं बेणं दर काही वर्षांनी मूलभूत बेणेमळ्यातून बदलावं, हे आपल्याकडे गावोगावी सांगितलं जातं. शेवाळाचा बेणेमळा मात्र कुणी लावलाच नव्हता. पीक गेलं तेव्हा पुढच्या हंगामासाठी निरोगी बेणं शोधत फिरण्याची वेळ आली.

बेण्याची साखळी तुटली की शेवाळशेती कशी थांबते हे जमिनीवरच्या शेतकऱ्याला चटकन लक्षात येणार नाही. भाताचं पीक गेलं तर कोठारातलं किंवा बाजारातलं बी असतं. कॉटोनीचं बेणं साठवता येत नाही. ते जिवंत, पाण्यात, वाढतच राहायला हवं. वाळवलं की तो माल झाला, बेणं राहिलं नाही.

नंतरच्या वर्षांत भावनगरच्या संस्थेनं ऊतीसंवर्धनानं नवी रोपं तयार केली, निवडक जोमदार कोंबांवर काम झालं. शेवाळाची जिवंत रोपं आयात करण्याचे नियम केंद्राच्या मत्स्य विभागानं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्यात विलगीकरण आणि जोखमीची तपासणी बंधनकारक आहे. १९८४ नंतर नवं रक्त आणण्याचा रीतसर रस्ता मोकळा व्हायला ४० वर्षं लागली.

किंमत कुठे तयार होते

आता दुसरा धागा.

किनाऱ्यावरची बाई विकते ते वाळलेलं शेवाळ. त्यातून निघतं कॅराजिनन. टूथपेस्ट ट्यूबमधून सुबक बाहेर येते आणि पाणी सोडत नाही, चॉकलेटच्या दुधात कोको तळाशी बसत नाही, आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होत नाहीत, यामागे बऱ्याचदा तेच असतं. दुधातल्या केसिन या प्रथिनाशी त्याचं चांगलं जमतं, म्हणून अगदी थोडं घातलं तरी काम होतं. (आपल्या घरातलं चायना ग्रास म्हणजे आगर. ते वेगळ्या शेवाळातून येतं, पण जात एकच.)

ते काढायची सोपी पद्धत अशी. वाळलेलं शेवाळ धुवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात शिजवतात. अल्कलीमुळे रेणूची घडी बदलते आणि त्याची जेली घट्ट होते. पोटॅशियममुळे कॅराजिनन पाण्यात विरघळून न जाता शेवाळाच्या आतच राहतं. मग धुवायचं, वाळवायचं, दळायचं. याला अर्धशुद्ध कॅराजिनन म्हणतात, आणि वाळलेल्या मालाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी ही पूड मिळते. आणखी शुद्ध करायचं तर विरघळवून, गाळून, पुन्हा गोठवून घ्यावं लागतं. त्याला यंत्रं, वीज आणि गोडं पाणी खूप लागतं. रामनाथपुरममध्ये गोडं पाणी विकत घेतात, हे लक्षात ठेवलं की कारखाने किनाऱ्यावर का उभे राहिले नाहीत ते कळतं.

मालाची प्रत मात्र किनाऱ्यावरच ठरते. वाळूवर पसरून वाळवलं तर वाळू चिकटते, पावसाचा एक सडाका आला तर कॅराजिनन धुपून जातं. बांबूच्या मांडवावर किंवा ताडपत्रीवर वाळवलेला माल वेगळाच दिसतो. वाळवणाची साधी उंच मांडणी आणि वर झाकायला प्लास्टिक, एवढ्या खर्चानं जो फरक पडतो तो वर्षानुवर्षं का केला गेला नाही? खरेदीदार स्वच्छ आणि वाळूमिश्रित मालाला जवळजवळ एकच भाव देत असेल, तर मांडव कोण बांधेल? भावात फरक पडला की मांडव आपोआप उभे राहतात.

या प्रकरणातला सर्वांत मोलाचा शोध वाळवणाच्या आधीचा आहे. भावनगरच्या शास्त्रज्ञांनी ओलं, ताजं शेवाळ थेट चिरडून पिळून पाहिलं. रस वेगळा, चोथा वेगळा. चोथ्यात कॅराजिनन शाबूत राहतं. रसात समुद्रातून ओढून घेतलेलं पोटॅशियम, सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि सायटोकायनिन, ऑक्झिन, जिबरेलिन ही वाढसंप्रेरकं असतात. तो पातळ करून पिकांवर फवारला तर पीक प्रतिसाद देतं. एकाच ओल्या मालातून खत आणि कॅराजिनन दोन्ही काढण्याच्या या पद्धतीला २००५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. वाळवताना जे पाणी उन्हाला फुकट दिलं जात होतं, त्यातच विकण्याजोगी वस्तू होती.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ‘सीवीड’ हा शब्द माहीत आहे, तो कृषी सेवा केंद्रातल्या बाटलीवरून. नाशिकच्या द्राक्षबागांत वर्षानुवर्षं शेवाळअर्क फवारले जातात. त्यातले पुष्कळसे उत्तर अटलांटिकच्या थंड खडकांवरच्या ॲस्कोफायलम या तपकिरी शेवाळाचे, आयात केलेले असतात. इफ्कोचं ‘सागरिका’ हे भारतीय शेवाळाच्या अर्काचं उत्पादन त्यांच्या शेजारी येऊन बसलं. २०२१ मध्ये केंद्रानं खत नियंत्रण आदेशात जैवउत्तेजकांचा, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणाऱ्या अशा अर्कांचा, समावेश केला, त्यामुळे बाटलीत काय आहे ते सिद्ध करणं उत्पादकाला भाग पडलं. ही चांगली गोष्ट झाली. त्यापूर्वी शेवाळाच्या नावावर रंगीत पाणी विकायलाही फारसा अडथळा नव्हता.

पण रस काढायचा तर शेवाळ ताजंच हवं. तोडल्यावर ते पटकन उतरतं. म्हणजे पिळणी किनाऱ्याच्या जवळ हवी, आणि पिळणी ज्याच्या मालकीची, त्याच्याकडे दोन उत्पादनं. जिच्याकडे फक्त ऊन आहे, तिच्याकडे एकच, आणि तेही सर्वांत स्वस्त. मंडपमच्या बारा वर्षांच्या चढत्या काळात बचत गटांच्या मालकीची पिळणी उभी राहिली असती, तर २०१३ नंतर काही काळ त्यांना कमी मालावरही तग धरता आला असता, असं माझं मत आहे. उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळ कुणाचं आणि कारखाना कुणाचा, यावर आपण शंभर वर्षं भांडत आलो आहोत. इथे ते भांडण सुरू होण्याआधीच निकाल लागला होता.

कार्बनबद्दल एक वाक्य लिहितो, कारण हल्ली प्रत्येक प्रस्तावात ते असतं. शेवाळ वाढताना कार्बन घेतं हे खरं, पण जे शेवाळ टूथपेस्टमध्ये किंवा फवारणीत जातं त्याचा कार्बन थोड्याच दिवसांत हवेत परततो. त्यावर कर्जाचे हप्ते बांधू नयेत.

पुन्हा उभं राहताना

कोसळल्यानंतर मंडपमला जे नवं काम झालं, त्यातलं एक मला विशेष आवडतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं कोबिया माशाच्या पिंजऱ्याभोवती शेवाळाचे १६ तराफे लावून पाहिले. माशांच्या उरलेल्या खाद्यातून आणि विष्ठेतून पाण्यात मिसळणारं नत्र शेवाळ ओढून घेतं. एरवीच्या तराफ्यावर १५० किलो निघत असताना पिंजऱ्याभोवतीच्या तराफ्यावर ३२० किलो निघालं. पिंजऱ्याची घाण कमी झाली आणि पीक दुप्पट झालं. मात्र पिंजरा उभा करायला लागणारं भांडवल पाच बायकांच्या गटाकडे नसतं. इथेही मालकीचा प्रश्न येतोच.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत २०२० पासून शेवाळासाठी ६४० कोटी रुपये राखले गेले, आणि पाच वर्षांत वर्षाला ११ लाख टनांहून अधिक उत्पादनाचं लक्ष्य ठेवलं गेलं. २०२१ च्या अर्थसंकल्पात तमिळनाडूतल्या बहुउद्देशीय शेवाळ उद्यानाची घोषणा झाली. ते रामनाथपुरम जिल्ह्यात वलमावूरला होत असून २०२३ मध्ये त्याची पायाभरणी झाली. त्यात बेणे पेढी आहे, प्रक्रियेच्या सोयी आहेत. मंडपममध्ये ज्या दोन गोष्टी नव्हत्या त्या कागदावर तरी आता आहेत. ११ लाख टनांचं लक्ष्य मला सुरुवातीपासून अवास्तव वाटत आलं आहे. तराफ्यांची संख्या अनुदानानं वाढवता येते, निरोगी बेणं त्या वेगानं वाढत नाही.

कोकणाकडे

पाल्क सामुद्रधुनीला एक निसर्गदत्त सवलत आहे. नैऋत्य मोसमी पावसात, जेव्हा आपला समुद्र खवळलेला असतो, तेव्हा ती शांत असते. तिचा वाईट काळ ऑक्टोबर ते डिसेंबरचा, आणि तेव्हा काही बेणं दक्षिणेच्या बाजूला हलवून जगवता येतं. कोकणात तसं नाही. जूनच्या पहिल्या उधाणाला तराफा टिकणार नाही. खाडीत सुरक्षित जागा शोधली तर तिथे पावसाचं गोडं पाणी उतरतं आणि खारटपणा पडला की कॉटोनी वितळल्यासारखं होतं. चार महिने काहीच पाण्यात ठेवता येत नाही.

जागेचा प्रश्नही आहे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. कुरुसडैचं वाचून झाल्यावर तिथे जवळपास कॉटोनीची दोरी सोडायला मी तरी हो म्हणणार नाही. आपल्या खडकांवर सारगॅसम आणि उल्वा आपोआप उगवतात. देशी शेवाळाचा दर कमी आणि तंत्र अजून कच्चं, हे मान्य. पण भावनगरच्याच संस्थेनं गुजरातच्या किनाऱ्यावरच्या ग्रासिलारिया ड्युरापासून ॲगारोज काढून दाखवलं आहे. ॲगारोज म्हणजे डीएनए तपासणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेला लागणारी महाग पूड. परदेशी बेण्याच्या मागे धावण्याआधी या दिशेनं बघायला हवं.

तरीही कॉटोनीच लावायचं ठरलं, तर बेण्याचा हिशेब आधी करावा. एका बाईच्या ४५ तराफ्यांना २,७०० किलो बेणं लागतं, पाच जणींच्या गटाला १३,५०० किलो. ६० किलोचे ४५ दिवसांत २६० किलो होतात, म्हणजे वाढ दिवसाला सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. समजा पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या टाक्यांत खारं पाणी खेळतं ठेवून गटानं प्रत्येकीमागे १०० किलो बेणं जगवलं. १ ऑक्टोबरला ते समुद्रात सोडलं आणि एकही कोंब विकला नाही, एकही पांढरा पडला नाही, तरी त्याचे २,७०० किलो व्हायला सुमारे १०० दिवस लागतात. जानेवारी उजाडतो. मेअखेरीस तराफे पुन्हा वर ओढावे लागतात. मधल्या साडेचार महिन्यांत पिकाच्या तीनच फेऱ्या बसतात. टाकीत १०० ऐवजी ५०० किलो जगवता आलं तर समुद्रातली तयारी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपते आणि आणखी एक पूर्ण फेरी मिळते. दरवर्षी ऑक्टोबरात मंडपमहून ट्रकनं बेणं आणायचं ठरवलं, तर टाकीचा खर्च वाचेल. तिकडे उन्हाळा कडक गेला असेल त्या वर्षी मात्र ट्रक रिकामा येईल.